पावसाच्या वहीतले लाल ठिपके

(पाचगणी येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी या वर्षी विषय माझ्यावर सोपवला होता. मी पोटाच्या विकारांचा डॉक्टर. मी विषय कळवला, मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. जरा चाचरतच म्हणाले, "डॉक्टर, ऐकायला बायामाणसं असतात, शाळेची मुलं असतात. संडासच्या, रक्ताच्या गोष्टी सगळ्यांसमोर..." मी म्हटलं, त्यांच्यासमोरच तर बोलायच्या आहेत. गुरुजी ज्या आजाराने गेले, त्याचं नाव त्यांच्याच स्मरणार्थ चाललेल्या या मालेत आजवर कुणी घेतलेलं नाही. आज ते घ्यायला मला गुरुजींच्या कुटुंबाने परवानगी दिली आहे. म्हणून मी आधी त्यांचे आभार मानतो.

इथल्या पन्नाशीपुढच्या बहुतेकांना गुरुजींनी भूगोल शिकवलाय. मलाही शिकवला. वर्गात कमी, टेबललँडवर जास्त. जांभ्याच्या कडेशी आम्हाला ओळीने बसवायचे आणि खाली कृष्णेचं खोरं, धोमचं पाणी, पलीकडचे कमळगड आणि पांडवगड दाखवत विचारायचे, "हा सपाट माथा कुणी केला?" उत्तर कुणालाच यायचं नाही. मग स्वतःच सांगायचे, की पाण्याने केला, आणि फार सावकाश केला. त्यांच्या अंगणात पर्जन्यमापक होतं. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि जाड पुठ्ठ्याच्या वहीत मिलिमीटरमध्ये लिहायचा, हा नेम निवृत्तीनंतरही मोडला नाही. त्या वहीकडे मी पुन्हा येणार आहे.

२००२ च्या पावसाळ्यात गुरुजींना शौचाच्या वेळी रक्त दिसायला लागलं. वय एकसष्ट. घरात कुणाला सांगितलं नाही. दिवाळीला मी मुंबईहून फोन केला, तेव्हा मी शिकाऊ डॉक्टर होतो. बोलता बोलता, अगदी ओझरतं, ते म्हणाले, "अरे, जरा मूळव्याधीने उचल खाल्लीय. सुरण खातोय." मी म्हणालो, "असेल गुरुजी. तिखट कमी करा, पाणी भरपूर प्या, एक मलम लिहून देतो."

मित्रहो, हे माझे शब्द. एका डॉक्टरचे. वजन उतरलंय का, हे मी विचारलं नाही. परसाकडे जायची सवय बदललीय का, हे विचारलं नाही. गावातल्या डॉक्टरकडून बोटाने आतून तपासून घ्या, एवढं एक वाक्यही बोललो नाही. ज्याने आपल्याला हात धरून लिहायला-वाचायला शिकवलं त्याला असं विचारायचं कसं, हा संकोच माझ्या जिभेवर होता.

पुढच्या श्रावणात पोट फुगलं, शौचाला होईना. आपल्या भागाच्या जुन्या रिवाजाने त्यांना मिरजेला नेलं. डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे रुग्णालय उभं केलं तेव्हापासून सातारा-सांगलीकडचा माणूस मोठं ऑपरेशन म्हटलं की मिरजेचीच वाट धरतो. गाठ गुदाशयात होती, बोटाच्या टप्प्यात. यकृतात तोवर पाच-सहा ठिकाणी पसरली होती. फेब्रुवारी २००४ मध्ये गुरुजी गेले.

ती गाठ बोटाला लागली असती, ही गोष्ट मी गेली वीस वर्षं बरोबर घेऊन फिरतो आहे. पण आज मला त्याच्याही आधीचं बोलायचं आहे. १९९२ चं. त्या साली गुरुजी एक्कावन्न वर्षांचे होते, ठणठणीत होते, सिडनी पॉइंटपर्यंत आमच्यापुढे चालायचे. आणि त्या वेळी, जवळजवळ नक्कीच, त्यांच्या आतड्याच्या अस्तरावर एक छोटासा उंचवटा होता. कर्करोग नव्हता. त्रास शून्य. तो तेव्हा काढला असता तर २००२ चं रक्त दिसलंच नसतं.

हे मी हळहळ म्हणून सांगत नाही, या रोगाची रीतच तशी आहे. मोठं आतडं साधारण पाच फुटांचं. त्याचं आतलं अस्तर सतत झिजतं आणि चार-पाच दिवसांत नवं येतं. जन्मभर एवढी पेशींची घडामोड चालली की कुठेतरी नक्कल चुकते. पेशींच्या वाढीला लगाम घालणारं एपीसी नावाचं एक जनुक आहे. ते बिघडलं की त्या जागी पेशी जरा जास्त वाढतात आणि चामखिळीसारखा फुगवटा येतो. त्याला आम्ही पॉलिप म्हणतो, आणि ज्या जातीचा पुढे कर्करोग होऊ शकतो त्याला ॲडिनोमा. एका बिघाडाने कर्करोग होत नाही. त्यावर दुसरा, तिसरा, चौथा बिघाड साचत जातो. बर्ट फोगेलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ च्या सुमारास ही पायरी पायरीची चढण जनुकांच्या पातळीवर दाखवून दिली. या चढणीला बहुधा दहा वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. सगळे पॉलिप ती चढत नाहीत, थोडेच चढतात. पण आतड्याचे बहुतेक कर्करोग कधीकाळी पॉलिप होते.

मेयो क्लिनिकने १९८७ साली एक अभ्यास छापला. कोलोनोस्कोपी येण्यापूर्वीच्या काळातले २२६ रुग्ण होते. क्ष-किरण तपासणीत एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप दिसलेला, पण या ना त्या कारणाने न काढलेला. पाच वर्षांत त्या जागी कर्करोग होण्याची शक्यता अडीच टक्के निघाली, दहा वर्षांत आठ टक्के, वीस वर्षांत चोवीस. गुरुजींनी आम्हाला पाण्याच्या धिम्या कामाबद्दल जे शिकवलं, ते मला हे आकडे वाचताना दर वेळी आठवतं.

म्हणून हा कर्करोग इतरांहून वेगळा पडतो. स्तनाची मॅमोग्राफी करतो तेव्हा आपण झालेला कर्करोग लवकर शोधतो. तेही फार मोलाचं आहे. पण आतड्यात, आणि गर्भाशयाच्या मुखाशी, कर्करोग होण्याच्या आधीची पायरी डोळ्यांना दिसते आणि तिथल्या तिथे काढून टाकता येते. एरवी रोगनिदान हातात पडतं ते रोग झाल्यावर. इथे रोगच होऊ द्यायचा नसतो.

हे हातात यायला वेळ लागला. माझे गुरू सांगायचे, की त्यांच्या उमेदवारीत वरच्या आतड्यात पॉलिप दिसला तर पोट उघडावं लागायचं, आतडं चिरावं लागायचं, आणि एका बोराएवढ्या गोष्टीसाठी माणूस पंधरा दिवस वॉर्डात पडायचा. १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या या जपानहून आलेल्या तरुण सर्जनने विल्यम वुल्फ यांच्या साथीने लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास आत सरकवला, पॉलिपच्या देठाभोवती आवळला, वीज सोडली आणि पॉलिप कापून बाहेर आणला. पोटावर ओरखडाही नाही. आज आम्ही जे रोज करतो ते मुळात एवढंच आहे. पडदे स्पष्ट झाले, दुर्बिणी सुधारल्या, फास तोच.

या गावात बसून आणखी एक सांगावंसं वाटतं. पाचगणीला रोगाशी झुंज नवी नाही. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी इथे क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनेटोरियम काढलं, तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन सापडलं ते १९४३ मध्ये. त्याआधी रोग्याच्या हाती होतं ते सव्वाचार हजार फुटांवरचं वारं, विश्रांती, दूध-अंडी आणि वाट पाहणं. माझी आजी सांगायची, की माणसाला वर आणायचे ते संध्याकाळच्या गाडीने, आणि शेजाऱ्यांना सांगायचे, हवापालटाला आलेत. क्षय हा शब्द घरात उच्चारायचा नाही. ते न बोलणं मी समजू शकतो. नाव घेऊनही करता येण्यासारखं फारसं नव्हतं. आज आतड्याच्या बाबतीत करता येण्यासारखं जवळजवळ सगळं आहे, आणि आपण अजून नाव घेत नाही.

आणि नाव घेतलं तरी चुकीचं घेतो. हा मुद्दा मला जरा सविस्तर मांडू द्या.

साताऱ्यापासून महाबळेश्वरपर्यंत कुठल्याही एसटी स्टँडबाहेर बघा. 'मूळव्याध, भगंदर, फिशर – ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज' अशी पाटी दिसेल. मराठी माणसाच्या खालच्या जागेतून रक्त आलं की ते मूळव्याधीचंच, असं आपल्या भाषेनेच ठरवून टाकलंय. त्यातून मूळव्याधीलाही आपण मोड म्हणतो, कोंब म्हणतो. मी रुग्णाला सांगतो, "आत पॉलिप आहे, वाढलेला मांसल कोंब आहे." तो सुटकेचा श्वास सोडतो, "म्हणजे मोडच ना?" नाही. मूळव्याध म्हणजे गुदद्वारापाशी फुगलेल्या रक्तवाहिन्या. त्यांचा कर्करोग होत नाही. पॉलिप हा अस्तराचा बिघाड. दोघांचं एकमेकांशी नातं नाही. पण दोघं एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, आणि इथेच घात होतो. मूळव्याध खरीच असते, दिसते, तिच्यावर बोट ठेवता येतं. मग तिच्या चार इंच वर काय आहे ते कुणी बघत नाही.

मूळव्याधीचं रक्त बहुधा लालभडक, शौचानंतर थेंब थेंब पडणारं. गाठीचं रक्त मळात मिसळलेलं, कधी काळपट, कधी शेंबडासारख्या चिकट स्रावाबरोबर. पण या फरकावर भरवसा ठेवून कुणी घरी बसू नये. मी स्वतः फसलेलो आहे. चाळिशीनंतर रक्त पहिल्यांदा दिसलं, किंवा कुठल्याही वयात रक्त दिसून त्याबरोबर वजन उतरलं, सवय बदलली, पोट साफ झाल्यासारखं वाटेना, तर आधी बोटाने तपासणी आणि मग दुर्बीण. बोटाच्या तपासणीला हातमोजा आणि एक मिनिट लागतं. आपल्याकडे या कर्करोगात गुदाशयाचा वाटा मोठा आहे, म्हणून ते एक मिनिट फार मोलाचं. माझ्या तरुण सहकाऱ्यांपैकी काही जण मागे बसलेत, त्यांना मी इथूनच हात जोडून सांगतो, ते मिनिट वाचवू नका.

उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ तर रक्तही दाखवत नाही. तिथे मळ पातळ असतो, वाट रुंद असते, काही अडत नाही. रक्त झिरपत राहतं, डोळ्यांना न दिसता. माणूस फिका पडतो, जिना चढताना दम लागतो. हिमोग्लोबिन आठ निघतं. लोहाच्या गोळ्या सुरू होतात, तीन महिन्यांनी पुन्हा त्याच. पाळी थांबलेल्या बाईचं किंवा पुरुषाचं रक्त लोहाअभावी कमी झालं असेल, तर ते कुठून तरी गळतंय. ते कुठून, हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या देत राहणं म्हणजे फुटक्या हंड्यात पाणी ओतणं. आपल्या आया-मावश्यांच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त होतं. "बायांचं रक्त कमीच असतं" या वाक्याखाली मी किती गाठी लपलेल्या पाहिल्या.

आता दुर्बिणीच्या तपासणीने खरोखर किती फरक पडतो? मी माझ्याच कामाची बाजू मांडतोय, म्हणून इथे काटेकोर बोललं पाहिजे. १९९३ मध्ये सिडनी विनावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतला नॅशनल पॉलिप स्टडी छापला. ज्यांचे ॲडिनोमा दुर्बिणीतून काढले त्यांच्यात पुढे आतड्याचा कर्करोग अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी झाला. २०१२ मध्ये त्याच रुग्णांचा पुढचा हिशोब आला, मृत्यू निम्म्याहून कमी. पण ही तुलना अंदाजाशी होती. चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेला मोठा प्रयोग आला तो २०२२ मध्ये, मुख्यतः पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधून. ८४,५८५ माणसं. काहींना कोलोनोस्कोपीचं निमंत्रण गेलं, बाकीच्यांना नाही. दहा वर्षांत निमंत्रण न मिळालेल्यांत दहा हजारांमागे १२० जणांना कर्करोग झाला, निमंत्रण मिळालेल्यांत ९८ जणांना. मृत्यूंमधला फरक तोवर ठळक नव्हता. जगभर उलटसुलट मथळे आले. माझ्या रुग्णांनी मला कात्रणं पाठवली.

मी त्या प्रयोगाचा आदर करतो. पण त्यातली एक ओळ मथळ्यांत आली नाही. निमंत्रण मिळालेल्यांपैकी तपासणीला आले ४२ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं घरीच राहिली आणि तरी त्यांची गणती तपासलेल्यांच्या गटात झाली. जे खरोखर आले त्यांच्यापुरता हिशोब केला तर कर्करोग सुमारे ३१ टक्क्यांनी कमी. आणि ज्या रोगाची चढण दहा वर्षांची, त्याच्या प्रतिबंधाचा पुरता हिशोब दहा वर्षांत लागत नाही. ९० टक्के म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं, आणि 'काही उपयोग नाही' म्हणणाऱ्यांनीही.

मग पाचगणीतल्या प्रत्येक पन्नाशीच्या माणसाने उद्या कोलोनोस्कोपी करून घ्यावी का? अमेरिकेत २०२१ पासून पंचेचाळिशीलाच स्क्रीनिंग सुरू करा असं सांगतात. माझं उत्तर इथे वेगळं आहे, आणि माझे काही मित्र याबाबत माझ्याशी भांडतात. भारतात या रोगाचं प्रमाण पश्चिमेच्या मानाने बरंच कमी आहे. जगात वर्षाला एकोणीस लाखांहून जास्त नवे रुग्ण, आपल्याकडे साठ-सत्तर हजारांच्या घरात. आपल्या जिल्ह्यात दुर्बीण सफाईने चालवणारे हात मोजके. ते सगळे धडधाकट माणसांना तपासत बसले तर ज्याला रक्त पडतंय तो रांगेत तीन महिने मागे जाईल. शिवाय तपासणी अगदी निर्धोक नाही. हजारात एखाद्याच्या आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो, पॉलिप काढल्यावर क्वचित रक्तस्राव होतो.

पण प्रमाण कमी आहे म्हणून स्वस्थ बसा, असंही मी म्हणणार नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये आपल्याकडे एका वर्षात आलेल्या ८०० रुग्णांचा लेखाजोखा छापला. सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास. कमावती माणसं, मुलं शाळेत असलेली. आणि सरकारी योजनेत तिशीपुढच्यांची जी कर्करोग तपासणी होते ती तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयमुखाची. आतडं त्यात नाही.

यातून वाट काढायला आपल्याच मातीत एक उदाहरण आहे. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने त्या गटातले मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, आणि हा निष्कर्ष २००९ साली जगाने वाचला. गावोगाव फिरून, अंगणात बसून, बायकांना या विषयावर बोलतं करून मिळवलेला. पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतीत तो निघाला नाही. ज्यांना वाटतं की खेड्यातला माणूस असल्या तपासणीला तयार होत नाही, त्यांनी त्या बायकांकडे बघावं.

आतड्यासाठी अशी सोपी पहिली पायरी आहे. फिट नावाची मळाची चाचणी. डोळ्यांना न दिसणारं माणसाचं रक्त ती पकडते. छोट्या काडीवर नमुना घ्यायचा, नळीत घालायचा, द्यायचा. पथ्य नाही, भूल नाही. जपानने ती १९९२ पासून देशभर वापरली. पन्नाशीच्या, त्रास नसलेल्या माणसाने वर्षा-दोन वर्षांनी ती करावी, आणि ती पॉझिटिव्ह आली तरच दुर्बीण, ही वाट आपल्याला परवडणारी आहे. यात एकच चूक होते आणि ती मी वारंवार पाहतो. चाचणी पॉझिटिव्ह येते, माणूस घाबरतो, पंधरा दिवसांनी पुन्हा करतो, ती निगेटिव्ह येते, आणि पेढे वाटतो. पॉलिप रोज रक्त टाकत नाही हो. एकदा पॉझिटिव्ह आली की दुसरी चाचणी दुर्बिणीचीच.

आणि ज्यांच्या घरात हा रोग झाला आहे, त्यांनी फिटच्या वाटेला जायचं नाही. त्यांनी थेट दुर्बीण. आई, बाप, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाला झाला असेल तर चाळिशीला, किंवा त्या माणसाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा. १८९५ साली मिशिगनमध्ये आल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या डॉक्टरला त्यांच्या घरी शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं, "मीही तरुणपणीच जाणार. आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर बाईपणाच्या कर्करोगाने जातात." वॉर्थिननी ते हसण्यावारी नेलं नाही, तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढली. ती बाई खरंच लवकर गेली, गर्भाशयाच्या कर्करोगाने. पण तिच्या त्या वाक्यातून एका आनुवंशिक रोगाचा माग लागला. पुढे हेन्री लिंच यांनी तो मार्ग पुरता केला आणि आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आपल्या घरातलं दुखणं मोठ्याने सांगितलं, म्हणून.

गुरुजींच्या घरात ते सांगायला बारा वर्षं लागली. आणि सांगायचं काम माझं होतं.

थोरला मुलगा न्यू जर्सीत असतो. २०१६ मध्ये तिथल्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीला गेला, तर फॉर्मात प्रश्न होता, आई-वडिलांपैकी कुणाला आतड्याचा कर्करोग? त्याने खरं लिहिलं. डॉक्टरने मान वर करून विचारलं, मग आजवर तुमची कोलोनोस्कोपी कशी झाली नाही? त्याची झाली, दोन छोटे पॉलिप निघाले, आणि त्या रात्री त्याने धाकट्याला भिलारला फोन केला. धाकटा स्ट्रॉबेरी करतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या दारात. गुरुजींवर उपचार चालू असताना मी मिरजेला त्याच्या शेजारी बसलो होतो. तो तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. चाळिशीत येशील तेव्हा तपासून घे, हे मी त्याला तेव्हाच सांगायला हवं होतं.

फेब्रुवारीचा महिना, तोड जोरात. त्याला म्हटलं, तीन दिवस स्ट्रॉबेरी बंद. तो म्हणाला, तीच तर खातोय दिवसभर, शेतात दुसरं काय असतं. पण स्ट्रॉबेरीच्या बारीक बिया आतड्याच्या चुण्यांत अडकतात आणि तिचा लाल रंग आत रक्तासारखा दिसतो. टोमॅटो, पेरू, पालेभाज्या, कोंड्याची भाकरी, सगळं बंद. आदल्या दिवशी गाळलेली पेज, नारळपाणी, लिंबूसरबत. संध्याकाळी पावडरीचं औषध पाण्यात कालवून, खारट, जरा तेलकट चवीचं, निम्मं रात्री, निम्मं पहाटे. मळाऐवजी स्वच्छ पिवळसर पाणी यायला लागलं की तयारी झाली. लोक दुर्बिणीला घाबरतात. खरी कटकट असते ती या एका रात्रीची. आणि ती नीट निभावली नाही तर आमच्या डोळ्यांसमोर चिखल असतो.

सकाळी गुंगीचं इंजेक्शन दिलं, तो झोपला. करंगळीपेक्षा जराशी जाड नळी. गुदाशय, मग डाव्या बाजूची वळणं, मग आडवं आतडं, तिथे पोकळी त्रिकोणी दिसते. उजव्या वळणावर अस्तराआडून यकृताची निळसर सावली. शेवटी आतड्याचं टोक आणि अपेंडिक्सचं चिमुकलं तोंड. इथवर पोहोचलो तेव्हाच तपासणी पुरी झाली असं म्हणता येतं. खरं बघणं मात्र परतीच्या वाटेवर असतं, आणि ते सावकाश करायचं असतं. किमान सहा मिनिटं, प्रत्येक चुणीमागे डोकावून. निरोगी अस्तर ओलं गुलाबी, त्यावर पिंपळपानाच्या जाळीसारख्या बारीक रक्तवाहिन्या. डाव्या बाजूला, खालच्या वळणापाशी, ती जाळी एका ठिकाणी नाहीशी झाली. तिथे देठावर एक लालसर गोळा. चौदा मिलिमीटर. आपल्या घाटातल्या करवंदाएवढा.

फास टाकला, देठाभोवती आवळला. वीज सोडली. जरासा धूर, आणि गोळा सुटला. अस्तरावर पांढरट ठिपका उरला. अस्तराला कापल्याचं दुखणं कळत नाही, त्यामुळे तो जागा असता तरी त्याला काही कळलं नसतं. सगळ्याला पंचवीस मिनिटं. अहवाल आठवड्याने आला. ॲडिनोमा, कर्करोग नाही, तीन वर्षांनी पुन्हा तपासा.

जाग आल्यावर मी त्याला फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तण बी धरायच्या आत खुरपून काढलं." मी इतकी वर्षं पॉलिपसाठी मराठी उपमा शोधत होतो. त्यानंतर मी हीच वापरतो.

त्याच संध्याकाळी तो घरातून गुरुजींची पावसाची वही घेऊन आला. मी ती पूर्वी शंभर वेळा पाहिली होती, पण २००२ आणि २००३ ची पानं नाही. तारीख, मिलिमीटर, शेरा. "धुके." "वारा पश्चिमेचा." आणि काही तारखांपुढे समासात लाल शाईचा एक छोटा ठिपका. जून २००२ मध्ये तीन. जुलैत पाच. दिवाळीच्या आठवड्यात, ज्या दिवशी मी फोन केला होता त्याच्या आदल्या दिवशी एक. पुढे पुढे जवळजवळ रोज. चौदा महिने गुरुजी पावसाबरोबर हेही मोजत होते. इतकी चोख नोंद मला माझ्या वॉर्डातही क्वचित मिळते. ती कुणीच मागितली नव्हती.

वहीच्या शेवटच्या पानावर गुरुजींनी मुलांच्या जन्मतारखा आणि लशींच्या नोंदी लिहून ठेवलेल्या आहेत. देवी, त्रिगुणी, पोलिओ. त्याखाली जागा होती. धाकट्याने माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि लिहिलं: वडील, आतड्याचा कर्करोग, वय ६१. मी, पॉलिप काढला, वय ४४. मग माझ्याकडे वळून विचारलं, पोरीचं काय लिहू? मी म्हटलं, तुझ्या वयातून दहा वजा कर. त्याने मुलीचं नाव लिहिलं, पुढे ३४, आणि बोटांवर मोजून कंसात साल लिहिलं. ती आज इथे पहिल्या रांगेत बसली आहे.